व्हिनेग्रेट मिळून येत नाही, काय चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हिनेग्रेट, म्हणजे तेल आणि व्हिनेगरचं सॅलडवर घालायचं ड्रेसिंग, करायला चांगलं ऑलिव्ह ऑइल आणलं, व्हिनेगरची पांढरी बाटली घरात होतीच, तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर हे प्रमाणही पाळलं. बरणीत घालून हलवलं तर दोन मिनिटांत तेल वर आणि व्हिनेगर तळाला. चव घशाला टोचणारी. सॅलडवर घातलं तर जेवायला बसेपर्यंत पानं मरगळलेली आणि वाडग्यात खाली पाणी. तेव्हा घरी करण्याचा नाद सोडून तयार बाटलीच आणावी का?

बाटली आणू नका. मी सतरा वर्षं हॉटेलांच्या कोल्ड किचनमध्ये, म्हणजे सॅलड, थंड सॉस आणि सँडविच जिथे होतात त्या विभागात काम केलंय, आणि आता शिकवते. शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या याच तीन तक्रारी असतात आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात. आमटी बिघडली की आपण म्हणतो, "मिळून आली नाही." डाळ एकीकडे, पाणी एकीकडे. तुमचं ड्रेसिंग नेमकं तसं झालंय. ते मिळून आलं की चव निवळेल आणि पानंही जास्त वेळ ताठ राहतील.

आधी व्हिनेगर बघू, कारण पदार्थाचं नावच त्याच्यावरून आलंय. फ्रेंचमध्ये आंबट झालेली वाइन म्हणजे 'व्हिनेग्र', आणि त्यावरून 'व्हिनेग्रेट'. लॉयर नदीच्या काठावरचं ऑर्लिआं हे गाव व्हिनेगरसाठी नावाजलेलं. पॅरिसकडे निघालेली वाइनची पिंपं नदीतून तिथे येऊन उतरायची आणि वाटेत आंबलेली वाइन तिथल्याच व्हिनेगर करणाऱ्यांकडे जायची. लाकडी पिंपात हवा खेळती ठेवून ते सावकाश मुरवायचे. लुई पाश्चरने १८६० च्या दशकात याच व्हिनेगरचा अभ्यास केला आणि हे काम सूक्ष्म जीवांचं असतं हे दाखवून दिलं. अशा सावकाश झालेल्या व्हिनेगरला आंबटपणाबरोबर मूळ वाइनचा वास असतो, फळाची किंचित गोडी असते. आता तुमची पांढरी बाटली हातात घ्या आणि तिच्यावर 'सिंथेटिक' असं छापलंय का बघा. ॲसिटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं असेल तर तसं छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. चायनीजबरोबरच्या मिरच्या मुरवायला ते चालतं. सॅलडमध्ये मात्र त्याच्या आंबटपणाला मागे काही आधारच नसतो, म्हणून ते घशाला टोचतं.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. तीनास एक हे प्रमाण फ्रेंच वाइन व्हिनेगर धरून ठरलेलं आहे, आणि युरोपातल्या नियमाप्रमाणे वाइन व्हिनेगरची आम्लता किमान ६ टक्के असावी लागते. आपल्याकडच्या कितीतरी बाटल्या ४ ते ५ टक्क्यांच्या असतात. म्हणजे चांगल्या प्रतीचं पण ४ टक्क्यांचं व्हिनेगर घेतलंत तर तीनास एक हे प्रमाण पचपचीत आणि तेलकट लागेल. तिथे दोनास एकच्या आसपास जावं लागतं. त्यामुळे कोणाचंही प्रमाण डोळे झाकून घेऊ नका, आधी लेबलवरचा आकडा वाचा. रेड वाइन किंवा व्हाइट वाइन व्हिनेगर मिळालं तर उत्तम. ॲपल सायडर व्हिनेगर आता बहुतेक किराणा दुकानांत असतं, रोजच्या सॅलडला ते चांगलं चालतं. आणि गोव्यात कोणी ओळखीचं असेल तर माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर मागवा. पोर्तुगीज घरून वाइनच्या व्हिनेगरची सवय घेऊन आले आणि गोव्यात ते सुरेपासून होऊ लागलं. विंदालूची आंबट चव त्याचीच. चवीला ते मऊ असतं आणि आम्लता बेताची, म्हणून दोनास एकपासून सुरुवात करा. काकडी-टोमॅटोला मला ते महागड्या आयात बाटल्यांपेक्षा जास्त आवडतं.

लिंबू चालतंच. पण पिळलेल्या रसाचा वास काही तासांत मावळतो, म्हणून लिंबाचं ड्रेसिंग त्या वेळेपुरतंच करावं, बरणी भरून ठेवू नये.

आता कृती. चार जणांच्या सॅलडला, म्हणजे साधारण २०० ग्रॅम पानांना, एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली व्हिनेगर, तीन मोठे चमचे तेल, एक लहान चमचा डिजॉन मस्टर्ड (फ्रेंच पद्धतीची मोहरीची पेस्ट), पाव लहान चमचा मीठ आणि ताजी भरडलेली मिरी. हे प्रमाण ६ टक्क्यांच्या व्हिनेगरचं आहे. खोलगट वाडगा घ्या आणि त्याच्याखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे फेटताना तो फिरत नाही आणि दुसरा हात तेल ओतायला मोकळा राहतो.

वाडग्यात आधी व्हिनेगर आणि मीठ. एवढंच. मीठ पूर्ण विरघळेपर्यंत थांबा, बोटांनी चाचपून बघितलंत तरी चालेल. हा क्रम मी फार आग्रहाने सांगते, कारण मीठ तेलात विरघळत नाही. तेल आधी पडलं तर मिठाचे कण तेलात माखून तसेच राहतात. मग एक घास अळणी आणि दुसऱ्या घासाला दाताखाली मीठ. कांदा घालायचा असेल तर तोही याच वेळी. फ्रान्समध्ये शॅलट घालतात. आपल्याकडे सांबारात घालतात तो छोटा कांदा त्याच्या सर्वांत जवळचा, आणि अलिबागचा पांढरा कांदा असेल तर तो गोडसर असल्याने छानच. अगदी बारीक चिरून लहान चमचाभर घ्या आणि व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं राहू द्या. त्याचा उग्रपणा उतरतो आणि व्हिनेगरचीही धार थोडी कमी होते.

मग मस्टर्ड घालून काट्याने किंवा छोट्या व्हिस्कने एकजीव करा. आता तेल. पहिला चमचाभर तेल अक्षरशः थेंब थेंब घाला आणि हात थांबवू नका. सुरुवातीला थेंब वर चमकताना दिसतील, पुढच्या दहा-बारा फिरवण्यांत ते दिसेनासे होतील. मग वाडग्यातला रंग बदलायला लागतो: आधीचं पातळ, तपकिरीसर पाणी फिकट पिवळं आणि गढूळ होतं, दाट ताकासारखं. काटा उचलला की त्याच्या दातांवर पातळ थर राहिला पाहिजे. इथपर्यंत आलात की धोका टळला. उरलेलं तेल बारीक धारेने घाला. शेवटी मिरी.

मध्येच फुटलं तर फेकू नका. दुसऱ्या वाडग्यात अर्धा लहान चमचा मस्टर्ड आणि चमचाभर पाणी फेटा आणि फुटलेलं मिश्रण त्यात थोडं थोडं घालत जा. पुन्हा मिळून येतं.

तुमच्या प्रमाणात मोहरी नव्हतीच, म्हणून तुमचं मिश्रण टिकलं नाही. नुसतं तेल आणि व्हिनेगर कितीही जोरात हलवा, तेलाचे थेंब एकमेकांना शोधून पुन्हा एक होतात. मोहरीच्या सालीत एक चिकट द्रव्य असतं, ते थेंबांना एकमेकांपासून लांब धरतं. दुकानातल्या बाटलीत हे काम बहुधा झँथन गम हा दाटपणा आणणारा पदार्थ करतो, म्हणून ती महिनोन्‌महिने फुटत नाही. घरच्या व्हिनेग्रेटला एवढं टिकायची गरज नाही, ते जेवण होईपर्यंत टिकलं की झालं.

मोहरीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे आपल्या स्वयंपाकघरातली एक जुनी माहिती कामाला येते. माझी आजी केळ्याच्या रायत्याला मोहरी फेसायची. छोट्या खलात मोहरी, चिमूटभर मीठ, बोटाने शिंपडलेलं पाणी, आणि मग एकाच दिशेने घोटणं. काही वेळाने ती तोंड बाजूला करायची, आणि आम्हाला कळायचं की मोहरी चढली. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं तरी नाकात झणका यायचा. कोरड्या मोहरीला हा झणका नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि ते तिखट तेल तयार होतं. आंबट पडलं की विकराचं काम मंदावतं. डिजॉन मस्टर्ड हे याच तत्त्वावर केलेलं, फक्त फेसलेली मोहरी व्हिनेगरमध्ये किंवा कच्च्या द्राक्षांच्या रसात स्थिरावलेली. ते ज्या तपकिरी मोहरीचं करतात ती वनस्पती आपल्या राईचीच जात आहे. आणि नाव फ्रेंच गावाचं असलं तरी बरंचसं बी कॅनडातून येतं. २०२१ मध्ये कॅनडात दुष्काळ पडला, पीक घटलं, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या दुकानांतले मस्टर्डचे कप्पे रिकामे पडले होते.

तेव्हा डिजॉनची बरणी महाग वाटत असेल तर घरी करा. दोन मोठे चमचे राई रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी वाटा, वाटून झाल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मगच दोन चमचे व्हिनेगर आणि मीठ घालून पुन्हा वाटा. व्हिनेगर आधीच घातलंत तर झणका कमी येईल. ताजं असताना कडसर लागतं, दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलं की चव बसते. व्हिनेग्रेटला हे अर्धाच चमचा घ्या, बरणीतल्यापेक्षा तेज असतं.

तेलाबाबत एक गैरसमज आहे की ऑलिव्ह ऑइलशिवाय व्हिनेग्रेट होत नाही. ऑलिव्ह हे फ्रान्सच्या भूमध्य समुद्राकाठच्या प्रोव्हान्स भागाचं तेल. फ्रान्समधल्या कितीतरी घरांत व्हिनेग्रेट सूर्यफुलाच्या, रेपसीडच्या किंवा चक्क शेंगदाण्याच्या तेलाचं होतं. एकोणिसाव्या शतकात सेनेगलमधून जहाजं भरभरून शेंगदाणे मार्से आणि बोर्दोच्या तेलगिरण्यांत यायला लागले, तेव्हापासून शेंगदाणा तेल तिथल्या स्वयंपाकघरात आहे. म्हणजे आपल्या घरातलं तेल या पदार्थाला अजिबात परकं नाही. पण रिफाइंड घ्या. घाण्याच्या तेलाचा वास नाजूक पानांवर चढतो. ते बीट, गाजर, कोबी अशा दणकट भाज्यांना रिफाइंडबरोबर अर्धं-अर्धं करून फार छान लागतं. फ्रान्सच्या पेरिगोर भागात अक्रोडाचं तेल वापरतात, ते मिळालं तर छोटी बाटलीच आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा, लवकर खवट होतं. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल असेल तर ते मिक्सरमध्ये घालू नका. माझ्या हातून एकदा चार लिटर व्हिनेग्रेट मिक्सरवर कडू झालेलं आहे. हाताने फेटलेलं कधी झालं नाही.

आता चाखणं. हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस चांगला लक्षात आहे. कामाला लागून महिनाही झाला नव्हता. मी चमच्याने व्हिनेग्रेट चाखत होते, आंबट लागत होतं, म्हणून तेल वाढवत होते. तिसऱ्यांदा तेलाची बाटली उचलली तेव्हा शेफनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला. बोलले काहीच नाहीत. टोपलीतलं बटर लेट्यूसचं एक पान घेतलं, त्याची कड वाडग्यात बुडवली, दोनदा झटकली आणि पान माझ्या हातात दिलं. ते पान मला फिकं लागलं. तेलकट आणि फिकं. "आता सांग," ते म्हणाले, "काय कमी आहे?" मीठ कमी होतं, आणि आंबटही कमी होतं. चमच्यावरचं ड्रेसिंग एकटं असतं, ते पानावर पसरलं की त्याची चव दहा पट विरळ होते. म्हणून नेहमी पानानेच चाखा, आणि जे पान वाढणार आहात त्याच पानाने. कडसर रॉकेटची पानं असतील तर अर्धा चमचा मध लागेल, आइसबर्ग लेट्यूसला मीठ जास्त लागेल.

तुमची तिसरी तक्रार पानांची. पाण्याचा थेंब अळवावर ठरत नाही तसा तो लेट्यूसवरही फारसा ठरत नाही, कारण पानावर मेणाचा पातळ थर असतो. व्हिनेगर बहुतांशी पाणीच, तेही घरंगळतं. तेलाला मात्र तो थर अडवू शकत नाही. खात्री करायची असेल तर एक पान तेलात आणि एक पान पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये घोळवून दहा मिनिटं ठेवा. तेलातल्या पानावर काळपट हिरवे डाग उमटतील आणि ते लोळागोळा होईल. दुसरं बऱ्यापैकी ताठ असेल. सगळे दोष व्हिनेगरला देतात, पण पान मारतं ते मोकळं तेल. व्हिनेग्रेट नीट मिळून आलेलं असेल तर तेलाचे थेंब व्हिनेगरने वेढलेले असतात आणि पानाला थेट लागायला त्यांना वेळ लागतो. म्हणून मिळून येण्याचा मी एवढा आग्रह धरते, नुसत्या दिसण्यासाठी नाही.

आणि पानं कोरडी हवीत. ओल्या पानावर ड्रेसिंग चिकटत नाही, घसरून खाली जातं आणि तळाशी जे पाणी साचतं त्यात निम्मं धुण्याचं पाणी असतं. पानं थंड पाण्यात दहा मिनिटं बुडवून, रोळीत निथळून, मग स्वच्छ पंचात गुंडाळा, पंचाची चारी टोकं धरा आणि गॅलरीत जाऊन गरागरा फिरवा. फ्रान्समध्ये तारेची सॅलडची टोपली अशीच दाराबाहेर फिरवायचे. नंतर कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, कुरकुरीत होतात. पावसाळ्यात लेट्यूस मुळातच पाणचट आणि कुजकट येतं; त्या दिवसांत मी कोबी, काकडी, गाजर यांच्याकडे वळते.

ड्रेसिंग पानांवर घालायचं ते अगदी वाढताना. फ्रेंच घरांत एक सोपी युक्ती करतात: व्हिनेग्रेट सॅलडच्या मोठ्या वाडग्याच्या तळाशीच करायचं, त्यावर वाढायचे दोन डाव फुलीसारखे आडवे ठेवायचे आणि त्यावर पानं रचायची. पानं ड्रेसिंगपासून वर राहतात, आणि सगळे जेवायला बसले की तिथेच कालवायचं. कालवण्याला ते 'फातिगे' म्हणतात, म्हणजे सॅलडला दमवायचं: खालून वर, खालून वर, वीस-पंचवीस वेळा. आपल्याकडे परात यासाठी उत्तम, आणि डावांपेक्षा हात उत्तम. प्रत्येक पान चमकलं पाहिजे आणि परातीत थेंब उरता कामा नये. थेंब उरले तर ड्रेसिंग जास्त झालं, पुढच्या वेळी कमी घाला. तेलाच्या भीतीने अगदी कोरडंही खाऊ नका. गाजर आणि हिरव्या पानांतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल लागतंच.

कंदमुळं आणि कडधान्यांचा नियम नेमका उलटा. बटाटा गरम असतानाच व्हिनेग्रेट ओता, तो आत पिऊन घेतो. गार झाल्यावर घातलं तर वरवर राहतं. फ्रान्समध्ये ल प्वी गावच्या हिरव्या मसुरीचं सॅलड याच पद्धतीने होतं. आपला अख्खा मसूर त्याच कुळातला आहे: दाणा शिजला पण मोडला नाही अशा वेळी निथळून, वाफ येत असतानाच व्हिनेग्रेट आणि तो व्हिनेगरमध्ये मुरलेला कांदा घाला. इथे व्हिनेगर थोडं जास्त लागतं, डाळ आंबटपणा दाबते. टोमॅटोला कमी, तो स्वतःच आंबट असतो. किसलेलं गाजर आपल्या कोशिंबिरीसारखंच, फक्त शेंगदाण्याच्या कुटाऐवजी मोहरी.

रोज वाडगा-काटा घेऊन बसायला वेळ नसेल तर बरणी वापरा, पण क्रम तोच: मीठ, व्हिनेगर, मस्टर्ड घालून आधी हलवा, मग तेल घालून अर्धा मिनिट जोरात. हाताने फेटल्याइतकं ते टिकत नाही, अर्ध्या तासाने सुटतं, पुन्हा हलवलं की जुळतं. कांदा-लसूण नसलेलं व्हिनेग्रेट फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस राहतं. कच्चा लसूण घातला असेल तर बाहेर अजिबात ठेवू नका आणि तीन-चार दिवसांत संपवा. तेलात बुडालेल्या कच्च्या लसणात घातक जंतू वाढू शकतात, वासाने ते कळतही नाही. ऑलिव्ह ऑइल फ्रिजमध्ये थिजून पांढरं होतं, ते खराब झालेलं नसतं. वीस मिनिटं आधी बाहेर काढा.

आणि मस्टर्डची बरणी संपत आली की घासून टाकू नका. कडेला, झाकणात, तळाच्या खोबणीत लहान चमचाभर तरी मस्टर्ड उरलेलं असतं. त्यातच मीठ आणि व्हिनेगर घाला, झाकण लावून हलवा, मग तेल घालून पुन्हा हलवा. त्या दिवसाचं व्हिनेग्रेट तयार होतं आणि बरणीही आतून स्वच्छ होते.